खाटेखालचे चार शर्ट

सलीम, नेपाळले जातानी तू मले सहा शर्ट शिवून देल्ले होते, आठवते का? त्या शर्टांनीच तिथं माही पोल खोलली.

मिशनचा बायबलवर्ग चालवाले गेलो होतो मी. दुसऱ्याच वर्षी तिथलं सरकार पडलं. रस्त्यावर टायर जळून राह्यले होते, मधातच संचारबंदी लागे. इकडून माय रोज फोनवर म्हणे, "निघून ये बापा." पण वर्ग भरत होता, अन् मी रोज सांगत होतो, "भिऊ नका, देव आपल्याले सोडून जात नाही."

एक दिवस वर्ग सुटल्यावर मायादिदी थांबली. वर्गातलीच साठीची बाई, एरवी तोंडातून शब्द निघत नसे. मले म्हणे, "सर, गडबड सुरू झाल्यापासून तुम्ही दोनच शर्ट आलटूनपालटून घालता. बाकीचे कुठं गेले?"

"धुवायचे आहेत."

"दोन आठवड्यांपासून?"

बाकीचे चार खाटेखालच्या बॅगेत होते, चेन लावून. भारताची सीमा तिथून दोन तासांवर. मी कधीबी निघू शकत होतो. पण आपलं घरदार सोडून त्या बाईनं कुठं जावं?

ती म्हणे, "जायचं असेल तर जा, सर. फक्त आम्हाला सांगून जा."

खोलीवर आलो अन् बॅग रिकामी केली.

दुसऱ्या दिवशी वर्गात काय शिकवलं म्हणतोस? काहीच नाही. बॅगेतून काढलेला तुहा निळा शर्ट घालून गेलो.