लॅचची मूठ

श्यामला : दार रोज पुसलं जातं. काचेवर बोटं उमटलेली नाहीत, चौकटीवर धूळ नाही. फक्त लॅचची ही आतली मूठ काळी पडलीय. पितळ आहे, हात लागत राहिला असता तर चमकलं असतं.

श्रीधर : मी गोदाबाईंबद्दल बोलतोय आणि तू पितळाबद्दल.

श्यामला : मी त्याबद्दलच बोलतेय. लॅच बिघडलेलं नाही, एवढं मी बघून घेतलं.

श्रीधर : म्हणजे माणूस बिघडलेला आहे. बाई उपाशीपोटी साखर तपासायला येतात, बेल वाजवतात आणि आतून आवाज येतो, 'म्याडम येईस्तोवर थांबा.' आपल्या लॅबच्या पायरीवर चक्कर येऊन बसल्या त्या! बँकेत आम्हीही गिऱ्हाइकं ताटकळत ठेवली, पण काउंटर उघडं ठेवून.

श्यामला : त्या बऱ्या आहेत. रक्त घेतलं, मग चहा-बिस्कीट दिलं.

श्रीधर : बऱ्या आहेत म्हणूनच काळजी. संध्याकाळपर्यंत सगळ्या सदाशिव पेठेला कळेल. उत्तरेश्वर, जरा इकडे या. दार लावून आत काय चाललं होतं?

उत्तरेश्वर : नळ्या धुवायलो होतो, साहेब. वाऱ्यानं दार लागलं.

श्रीधर : मग उघडायचं.

उत्तरेश्वर : हां.

श्रीधर : हां काय? का नाही उघडलं?

उत्तरेश्वर : म्याडम नव्हत्या.

श्रीधर : लॅच फिरवायला एम.एस्सी. लागत नाही हो. दार बंद करून कपाटं तर उचकत नव्हतात?

श्यामला : कपाटांच्या किल्ल्या माझ्या पर्समध्ये असतात. काहीतरी बोलू नका.

उत्तरेश्वर : म्याडम, साहेबांना सांगितलं न्हाई का तुम्ही?

श्यामला : नाही. राहून गेलं.

श्रीधर : काय राहून गेलं?

उत्तरेश्वर : मी सात वर्षं येरवड्याला होतो, साहेब.

श्रीधर : येरवड्यात जेलची भिंत आहे आणि वेड्यांच्या इस्पितळाचीही. कुठल्या भिंतीआड?

उत्तरेश्वर : जेलच्या. धायरीला बांधकामावर होतो. मुकादमाशी भांडण झालं. त्यानं आईवरनं शिवी दिली, मी ढकललं. स्लॅबला कठडा नव्हता. गेला तो.

श्रीधर : श्यामला, तुला हे कधीपासून माहीत आहे?

श्यामला : पहिल्या दिवसापासून. मधली वर्षं कुठे होतात, असं मी विचारलं आणि त्यांनी सांगितलं. त्याच दिवशी आणखी एक जण आला होता. ज्या लॅबमध्ये काम केलं म्हणाला, ती मालकाच्या पश्चात केव्हाच बंद पडलेली. मी यांना घेतलं.

श्रीधर : वा! खुनी चालतो, थापाड्या चालत नाही.

श्यामला : कोर्टानं खून म्हटलं नाही. तुम्हीही म्हणू नका.

श्रीधर : आपल्या मुलाच्या, आमोदच्या हिंजवडीच्या कंपनीत झाडांना पाणी घालणाऱ्याचीसुद्धा पोलीस चौकशी होते. आणि आमच्याकडे रक्त काढायला म्हाताऱ्या बायका बिनधास्त हात पुढे करतात!

उत्तरेश्वर : हिंजवडीलाच होतो की, साहेब. कंपनीच्या गाड्या धुवायचो. मग पोलिसांचा दाखला मागितला. त्यानंतर कुरिअरवाल्याकडं गेलो, हॉटेलात गेलो. कुणी वंगाळ बोललं न्हाई. सगळे म्हणले, कळवतो.

श्रीधर : कळवतो म्हणजे काय ते मला माहीत आहे. कर्जाच्या अर्जाला मीही तेच म्हणायचो. पण या दाराचं काय? जेलमध्ये दार उघडायला विसरतात का?

उत्तरेश्वर : विसरत न्हाई. आतल्या माणसानं दाराला हात लावायचा नसतो. दार बाहेरचा उघडतो. आपण नुसतं उभं राहायचं.

श्रीधर : अहो, पण सुटलात ना तुम्ही! खोलीवर काय करता?

उत्तरेश्वर : खोलीवर कडी लावतच न्हाई. नुसतं लोटून घेतो. चोरायला हाय काय? आज आजी बेल वाजवायलत्या, मला ऐकू यायलतं. मी दारापर्यंत आलो पण. हात वर जाईना.

श्रीधर : छान गोष्ट आहे. मी काही लहान नाही.

श्यामला : लॅब मी उघडते. दिवसभर दाराला वीट लावलेली असते. संध्याकाळी ते माझ्याबरोबर निघतात. आज वीट झाडताना सरकली, म्हणून कळलं. मुठीकडे माझंही लक्ष आजच गेलं.

श्रीधर : आणि उद्या आग लागली तर? हा आत उभा राहील, परवानगीची वाट बघत?

उत्तरेश्वर : साहेबांचं खरं हाय. म्याडम, मी निघतो. तुमच्या नावाला बट्टा नको.

श्यामला : आणि मुक्ताईची शाळा? जूनमध्ये पोरीला इथे घालणार होतात ना?

उत्तरेश्वर : बायको-पोरगी मेव्हण्याकडं हायत. तो म्हणतो, नोकरी पक्की झाल्यावर बहिणीला पाठवतो, तात्पुरतीवर न्हाई. त्याचं तरी काय चुकलं? राहू दे तिथंच पोरगी. नळ्या पालथ्या घातल्यात, म्याडम. वाळल्यावर मोजून... न्हाई, तुम्हाला माहीतच हाय. येतो, साहेब.

श्रीधर : या. तुमच्यावर माझा राग नाही, पण आम्हाला पेठेत राहायचंय.

उत्तरेश्वर : व्हय.

श्रीधर : मग आता थांबलात कशाला?

उत्तरेश्वर : दार लागलंय, साहेब.

श्रीधर : कुणी लावलं?

श्यामला : मी लॅच बघत होते तेव्हा लागलं.

श्रीधर : बरं, मग फिरवा मूठ. समोरच आहे. अहो, मीच जा म्हणतोय तुम्हाला!

उत्तरेश्वर : हां.

श्रीधर : श्यामला, हा माणूस खरंच नुसता उभा आहे गं.

श्यामला : दिसतंय मला.

श्रीधर : घाम फुटलाय त्याला. उघड ना तू.

श्यामला : मी उघडणार नाही. तुम्हीही उठू नका.

श्रीधर : हा काय प्रयोग चाललाय का?

श्यामला : प्रयोग आजवर चालला होता. उत्तरेश्वर, दिवाळीला तुम्ही नोकरी पक्की करायचं विचारलंत, मी म्हटलं नंतर बघू. संक्रांतीला परत विचारलंत, मी तेच म्हटलं. तुमच्या कामात खोट नव्हती. यांना काय सांगू, ते सुचत नव्हतं, म्हणून पुढे ढकलत होते. आता त्यांना माहीत झालंय.

श्रीधर : आणि मी नको म्हटलं तर?

श्यामला : तर तुम्ही नको म्हणालात, एवढं मी ऐकून घेईन. लॅब माझी आहे.

श्रीधर : गोदाबाईंना काय सांगणार?

श्यामला : जे तुम्हाला सांगितलं ते. ज्यांना चालणार नाही त्यांनी दुसरी लॅब बघावी. पेठेत कमी नाहीत.

श्रीधर : बँकेत असं बोललो असतो तर बदली झाली असती.

श्यामला : दुसरी किल्ली तुमच्या जुडग्यात आहे. ती काढा.

श्रीधर : ही? निघत नाही लवकर. थांब... ही घे.

श्यामला : मला नको, त्यांना द्या. उत्तरेश्वर, मेव्हण्यांना कळवा, नोकरी पक्की झाली. गोदाबाई उद्या सकाळी परत येणार आहेत, नाश्त्यानंतरची साखर राहिलीय. मी उशिरा येईन. लॅब तुम्ही उघडायची.