हात शाबूत आहे म्हणे!

...नाही, तुम्हीच सांगा, एक्केचाळीस हे काय अमेरिकन फुटबॉलमधल्या क्वार्टरबॅकचं वय आहे? चेंडू फेकायचा, आणि समोरून दीडशे किलोचे चार रेडे अंगावर यायच्या आत फेकायचा, याला कोवळी हाडं लागतात हो! पण आमच्या टोलेडोच्या संघानं आणला कोण? डेल क्रोझियर! टल्साकडून सतरा वर्षं खेळून दोन्ही गुडघ्यांचा भुगा करून आलेला. का? तर हात अजून शाबूत आहे म्हणे!

तुम्हाला सांगतो, तो चंद्रावर फेकेना का, माझं काही म्हणणं नव्हतं. पण माझा बाप! व्हर्न, वय सदुसष्ट, उजवा गुडघा कामातून गेलेला. ऑपरेशनची तारीख ठरली, त्यासाठी मी सिअ‍ॅटलची नोकरी सोडून घरी आलो... आणि हा माणूस टीव्हीसमोरून म्हणतो, "डेलनं कुठं कापून घेतलाय गुडघा? तो हरेल ना, त्या दिवशी मी ऑपरेशनच्या टेबलावर झोपतो. शब्द आहे व्हर्नचा!" आणि तो थेरडा पहिले चार सामने जिंकला! शेजारची लोरेन कुंपणावरून किंचाळते, "बघितलंस का रे शहाण्या? हात शाबूत आहे!" आणि म्हातारा लंगडत तिला टाळी द्यायला जातो!

पाचवा सामना टल्साशीच, आमच्या मैदानावर. आमच्या जागा पार वर, ब्याऐंशी पायऱ्या. म्हातारा मधे तीनदा बसला, सॉसेज खायच्या निमित्तानं. शेवटचं मिनिट, आम्ही तीन गुणांनी मागे. आता ऐनवेळी चाल बदलायची तर क्वार्टरबॅक एक खुणेचा शब्द ओरडतो, प्रत्येक संघाचा आपापला. हा काय ओरडला? "मॅपल! मॅपल!" आमचे गडी एकमेकांची तोंडं बघतायत... अहो, तो टल्साचा शब्द! सतरा वर्षांची सवय! समोरच्या अकराच्या अकरा जणांना कळलं, चेंडू उजव्या कोपऱ्यात येणार. गेले ना पळत! आणि यानं फेकला तिथंच!

हरलो! सगळं स्टेडियम मला शिव्या घालतंय आणि मी एकटा नाचतोय. "डॅड, हरला! चला, टेबल!"

तर म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी. "पन्नास यार्ड, पोरा! बरोब्बर छातीवर!"

"दुसऱ्यांच्या छातीवर!"

"शब्द चुकला रे, फेक नाही चुकली. संघ हरला. डेल कुठं हरलाय?"

म्हाताऱ्याचा गुडघा तर तिथंच आखडला. ब्याऐंशी पायऱ्या, बाप माझ्या पाठीवर... आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ओरडून सांगतोय, "काळजी नको हो! पोराची पाठ अजून शाबूत आहे!"