पाना माझा, रेघ सगळ्यांची

(मेहरूनबी, बांगडीवाल्या, शिरूर अनंतपाळ, यांच्या अंगणात बसून ऐकलेलं)

माहेर माझं जळकोटचं, ताई, आन् सासर हे शिरूर. धंदा पहिल्यापासून बांगड्यांचाच, माझे अब्बा डोक्यावर पेटी घेऊन गावोगाव फिरायचे, घरात बसून बायांना बांगड्या भरायचे, पाटलाची असू दे की तांड्यावरची, हात हातात घेतला की ती त्यांची लेक. मी लहान होते तवा ताप आला आन् डावा पाय गेला, पोलिओ म्हणतात त्याला, आमच्याकडं तवा कुणाला काय कळतंय. पाय गेला तर गेला, हात तर चांगले ठेवले अल्लानं, असं अब्बा म्हणायचे, आन् खरं हाय ते. कितीबी कडक हात असू दे, मी बांगडी अशी चढवते की बाईला कळत न्हाई. जोर करायचाच नसतो, पंजा दाबून दाबून मऊ करायचा, बांगडी आपसूक जाते. जोर केला की वाढते. फुटली म्हणत न्हाईत ना आपल्यात, वाढली म्हणतात.

लग्न झालं तवा लोक ह्यांना म्हणले, युसूफ, लंगडी केलीस, आता उचलून फिरव. ह्यांचं वेल्डिंगचं दुकान, बोलणं कमी, हसून सोडून दिलं. पण काय सांगू तुम्हाला, बाजाराला जायचं म्हणजे जीपवाल्याची मिनतवारी करायची, मग दोघांनी उचलून पोत्यावानी आत ठेवायचं, आन् उतरवलं तिथंच दिवसभर बसायचं. उठून कुठं जाता येत न्हाई, मनून मी बाजाराच्या दिवशी सकाळपासून पाणीच प्यायची न्हाई. उन्हाळ्यातबी. ओठ सुकून जायचे, तरी न्हाई. ह्यांनी ते पाहिलं असंल, मला कधी बोलले न्हाईत. एक दिवस जुनी मोटरसायकल आणली आन् टेम्पोत घालून नांदेडला दर्शन मिस्त्रीकडं नेऊन टाकली. मिस्त्री सरदारजी, असल्या तीनचाकी बनवण्यात हात बसलेला. पुढून मोटरसायकल तशीच, मागं ऑटोवानी दोन चाकं, गिअर हातानं टाकायला दांडा, पेट्या ठेवायला जाळी. गाडी दारात आली त्या दिवशी मी तांब्याभर पाणी पिले आन् एकटी बाजाराला गेले. जिथं वाटलं तिथं थांबले. हसू नका ताई, तुम्हाला ते कळायचं न्हाई, तुमचे पाय चांगले हायत.

मिस्त्री म्हणला होता, भाभी, साधी मोटरसायकल वळणावर अंग टाकते, ही टाकत न्हाई, सगळं वजन बाहेरच्या चाकावर येतं, तवा चाकाचे नट पाहिल्याबिगर गाडी दारातून काढायची न्हाई. मी रोज पाहायची, पाना लावायची, कसायची. पण आमच्या घरात माया लई, हाच घोटाळा. मी कसून आत गेले की हे येणार, पाहिलं का म्हणणार, मी हाव म्हणणार, आन् तरीबी पान्याला लांब पाइप जोडून अजून एक पीळ देणार. आमची सून नसीम, पोरगा सलीम नांदेडला कामाला असतो, ही आमच्याजवळ. ही पोरगी अंगानं एवढीशी, मनून जोर पुरत न्हाई तर पान्यावर पाय देऊन उभी राहायची. कुणी कुणाला सांगायचं न्हाई. जो तो आपल्या जिवाची खात्री करायचा.

आता पेटीतल्या बांगड्यांचा आवाज मला पाठ हाय. रस्ता चांगला असला की किणकिण, खड्डा आला की खळ्ळ. एकदा बाजाराहून येताना रस्ता चांगला, डांबर नवं, आन् उजव्या अंगाच्या पेटीतून सारखं थरथर थरथर. गाडी हळू केली, आवाजबी हळू झाला. म्हणलं हे रस्त्याचं न्हाई, हे गाडीचं हाय. थांबले, उतरले, धरत धरत मागं गेले, तर उजव्या चाकाचे दोन बोल्ट नटासगट गायब आन् तिसरा हातानं हालून राहिला. पुढं पुलाचं वळण होतं, ताई. मी तिथंच रस्त्याच्या कडंला बसले. एक ट्रॅक्टरवाला थांबला, म्हणला, भाभी, परवाच माझ्या घरच्यांना तुम्ही बांगड्या भरल्या की, बसा सावलीत, मी घरी फोन लावतो. त्याच्या लेकराबाळांचं भलं होवो.

सलीम आला, लई तापला. बस झालं अम्मी, म्हणला, गाडी विकून टाकू, घरातच दुकान घाल. बाया येतील तुझ्याकडं. पोराचा जीव घाबरला होता. पण मला आतून लई वाईट वाटलं, सगळं गेलं असं वाटलं. आन् काय झालं, माझं मलाच कळलं न्हाई, मी पाणी कमी पिऊ लागले. घरात बसूनबी. नसीमनं ते पाहिलं. तिनं नवऱ्याला सांगितलं, अम्मी पाणी पीत न्हाईत, आधी गाडी मिस्त्रीला दाखवा, मग विकायचं बोला. दुसऱ्याची लेक, पण पाहा कसं ध्यान असतं एकेकाचं.

मग सगळे नांदेडला. मिस्त्रीनं तुटका बोल्ट काढून हातात धरला आन् विचारलं, नट कसतं कोण. मी म्हणलं, मी. हे म्हणले, मीबी. नसीम खाली पाहत म्हणली, मीबी. मिस्त्री असा हसला की शेजारच्या दुकानातले पाहू लागले. म्हणला, बरं झालं पोरगा नांदेडला राहतो. हा बोल्ट ढिलाईनं गेला न्हाई भाभी, तुम्ही तिघांनी ताणून ताणून ह्याची मान बारीक केली. मी म्हणलं, म्हणजे वाढला. मला हसूबी आलं आन् रडूबी आलं. सगळ्या जगाला सांगत फिरते, जोर करू नको मनून, आन् घरात काय चाललं होतं.

बोल्ट सगळे नवे घातले. मिस्त्रीनं सांगितलं, कसणारा हात एकच, नट आमनेसामनेचे घ्यायचे, बाकीच्यांनी नुसतं डोळ्यांनी पाहायचं. नटावरून चाकावर रंगाची रेघ मारा, रेघ मोडलेली दिसली तर समजा नट फिरला. रंग आणायला कुठं जायचं, माझ्या पेटीत नेलपॉलिश भरलेलं. लाल मारलं. आन् सलीम, जो गाडी विका म्हणला तोच, बाजारात जाऊन मोजून कसायचा पाना घेऊन आला, जोर पुरा झाला की तो कट्ट वाजतो. माझ्या मांडीवर ठेवला आन् म्हणला, अम्मी, कट्ट वाजलं की थांबायचं, आन् अब्बांना द्यायचा न्हाई.

ह्यांची लई पंचाईत झाली. आठ-पंधरा दिवस पाइप हातात घेऊन गाडीभोवती घिरट्या. शेवटी नसीमनं तो पाइप अंगणात रोवला आन् त्याच्यावर दोडका चढवला, तो काय, तुमच्या पाठीमागं. मागच्या आठवड्यात भाजी केली त्याची.

मला आता काय पाहिजे, ताई? बाजार हाय, गाडी हाय, खाल्लेलं पचतंय. द्या तुमचा हात, हिरव्या घालते, रिकाम्या हातानं जाऊ नका. ढिला सोडा. आन् ते पाहा, हे आले. चष्मा लावला. दोन्ही हात पाठीमागं बांधले, पाहिलं का? ज्या माणसाचा हात लावल्याबिगर जीव थाऱ्यावर राहत न्हाई, तो रोज असा हात बांधून वाकतो, एकेक नट पाहतो. कशाला हात लावत न्हाई. आता म्हणतील, रेघ सरळ हाय, जा. मग मी एवढा तांब्या रिकामा करीन आन् निघन.