कांड्याकडे पाहायचं नाही

एक चप्पल पायात. दुसरी कूलरपाशी, उलटी. कोथिंबिरीची जुडी. स्वयंपाकघरात चालू नळ. मनीषनगरची दुपार. दिवाणावर उभी प्रमोदिनी, डाव्या हाताला अजून मुंग्या. व्हॉट्सअ‍ॅप कॉल वाजतोच आहे.

हॅलो? … हो, बोल मयुरी… नाही वं, धावत नाही आली. दिवाणावर उभी आहो… काहून म्हणजे? तू आधी बाळाले खाली ठेव… ठेवलं?

… कूलरमध्ये करंट उतरला… हॉलमधल्या… लागला ना मले, हातच फेकला गेला… बरी आहो मी. अगं ऐक ना. टाकी भरायले पाइप लावला अन् विसरली मी. सगळं पाणी फरशीवर. मेन स्विच दाराजवळ, मधात पाणी. कशी उतरू?

… हो. तेच सांगून राहिली. तुझा ससा कूलरच्या मागं आहे.

… रडू नको. ओली बाळंतीण तू… जिवंत आहे वं कांड्या. बसला कोपऱ्यात. तिथली फरशी कोरडी आहे अजून. पण पाणी सरकून राहिलं तिकडे. अन् स्टँड लोखंडी, त्याले अंग लागलं तं…

… त्यानंच कुरतडली असन वायर. सकाळपासून तिथंच घुसून राहिला. हाकललं की परत येते, अन् वरून माझ्यावरच मागचा पाय आपटते. जसं काही फ्लॅट त्याच्या नावावर आहे. बाळ होईस्तोवर सांभाळ म्हणाली, ताई, गरीब आहे म्हणाली…

… तुझे भाऊजी? जितेंद्र वाडीले आहे, गोडाऊनवर. उचलत नाही… तुझा चंदन आहे का घरी? त्याले म्हण, आमच्या खालच्या शोभाताईले फोन लाव. मीटर खाली जिन्यापाशी आहे. तिथून बंद कर म्हणा… मी नाही लावत. मी फोन ठेवत नाही आता, तूही ठेवू नको.

… नाही उचलत? झोपली असन. तिचा कूलर म्हणजे पिठाची गिरणी… परत लाव म्हणा.

… दाखवली ना कोथिंबीर. पुढं आला, नाक हलवलं, माझ्याकडे पाहिलं अन् गेला मागं. त्याले वाटते मी खेळून राहिली. रोज संध्याकाळी झाडू घेऊन मागं लागते ना त्याच्या.

… काय करू? … पाठ? … मयुरी, डोकं ठिकाणावर आहे का तुझं?

… हं… हं… बोलावलं की येत नाही… लक्ष नाही दिलं की राग येते त्याले… ते खरं आहे वं. पेपर वाचत बसली की येऊन पेपरच ओढते. पण मंग मले काही दिसणार नाही ना. त्याले काही झालं तं मले कळणार कसं?

… बरं. फिरली. भिंतीकडे तोंड आहे. जुडी पायापाशी ठेवली… दुसरंच काही बोलत राहू? … विचार काहीही.

… बारशाले? येऊ ना आम्ही… नाव काय ठेवून राहिले? … कुसुमावती? … तुझ्या आजेसासूचं? शाळेत पोट्टे काय म्हणतीन तिले… नाही, हसून राहिली मी. हे हसणंच आहे… शपथ, नाही पाहिलं मागं.

… गार्गी चांगलं आहे. पाळण्यात कुसुमावती सांग, घरात गार्गी… कुरडया झाल्या यंदा. पार्वतीबाईनं घातल्या गच्चीवर. पांढऱ्याशुभ्र… मयुरी, पाणी पडायचा आवाज वाढला… हो. हो. कुरडया. तुले अर्धा डबा ठेवला…

… थांब.

… नखं वाजली… फरशीवर… आता नाही वाजत.

… नाही, नाही बोलावत त्याले. बोल ना. काहीही बोल… बरं, मी बोलते. तू अशीच होती लहानपणी. आई हाका मारमारून थकायची, अन् तू खाटेखाली… नाही, मी नव्हती तशी. मले कोणी हाकच नाही मारली कधी, मी समोरच राहायची…

… उचलला शोभाताईनं? … उतरून राहिली? … तिचे गुडघे… चंदनले म्हण, घाई नको करू म्हणा. नाही, कर म्हणा घाई.

… थांब. पायाले काही लागलं… ओलं आहे… मी नाही पाहत. तू म्हणशीन तोवर नाही पाहत… गरम आहे, मयुरी…

… चावला. अंगठ्याले चावला, मेला. करकचून चावला… धरला त्याले. पोटाशी धरला, सोडत नाही आता. लाथा मारून राहिला, मारू दे… कसा धडधडून राहिला वं, का मीच…

पंखा थांबला.

मयुरी? … वायफाय गेलं वाटते… मयुरी? … ऐकून राहिली का? … हॅलो?

वायर कांड्याने कुरतडली नव्हती. ती मागच्या उन्हाळ्यातच उघडी पडली होती, आणि जितेंद्रने तिच्यावर चिकटपट्टी लावली होती.