डोळ्यांनी मोजलेले गुलाब

थर्मासचं झाकण टक्कन वाजलं आणि नैवाशा गावच्या दवाखान्यातली शांतता मोडली. माझ्या शेजारी बसलेल्या गुलाबमळ्यातल्या दोघी कामगार चहा ओतत होत्या.

"केरुबो, खरंच मोजपट्टी न लावता?"

"परीक्षेला दोनशे गुलाब, न्योकाबी. नुसतं बघून देठांच्या लांबीप्रमाणे ढीग लावले. मग साहेबांनी एकेक मोजला."

"चुकले किती?"

"एकही नाही. चौदा वर्षं तेच करतेय."

"डोळ्यांत मोजपट्टी घेऊनच जन्मलीस, बाई. म्हणजे आता मुकादम तूच."

"छे गं. त्याला कॉलेजचा कागद लागतो. कागदवाली मुलगी घेतलीय. उद्यापासून तिला मी शिकवायचं."

मी केरुबोच्या डोळ्यांकडे बघतच राहिले.

मांडीवरच्या गाथोनीने माझी हनुवटी वळवली. "आई, मग परीक्षेत पास कोण झालं?"