रामिरोच्या होडीचा खोकला

विल्मर : दोरी सोडा, दोन्या निदिया. ओढून ओढून खांदा निखळेल, पण हे इंजिन फिरायचं नाही. जाम झालंय.

निदिया : जाम म्हणजे गंजलंच ना? तेल सोड थोडं. रामिरो तेल सोडायचा आणि रात्रभर तसंच ठेवायचा.

विल्मर : गंजलेलं असतं तर सोडलं असतं. हे भाजलंय. आतला पिस्टन सिलिंडरला चिकटून बसलाय. वास घ्या इथे.

निदिया : मला माशाचा येतोय.

विल्मर : झालं कसं, ते तरी सांगा.

निदिया : सांगितलं की. जाळं बघायला निघाले होते. जमीन तळ्यात घुसते त्या पुढच्या टोकापाशी गेले आणि बंद पडलं.

विल्मर : या होडीतून?

निदिया : नाही, विमानातून. दुसरी होडी आहे का माझ्या घरात?

विल्मर : मग ही कोंबडीपण जाळं बघायला आली होती?

निदिया : कुठली कोंबडी?

विल्मर : पुढच्या फळीखाली बसलीय ती. अंडी उबवतेय. मी हात घातला तर चोच मारली मला.

निदिया : अगंबाई! म्हणून दिसत नव्हती मेली.

विल्मर : दोन्या निदिया, होडीखालचं गवत बघा, पिवळं पडलंय. रामिरोला पुरून आलो, त्याच दिवशी आम्ही चौघांनी ही वर ओढून ठेवली. त्यानंतर हिला पाणी लागलेलं नाही. माझ्याशी खोटं कशाला बोलता? मी काय पोलीस आहे?

निदिया : तू इंजिन बघायला आलास की माझी झडती घ्यायला?

विल्मर : बरं, राहिलं. माझ्याकडे एक इंजिन पडलंय, सान कार्लोसच्या पाद्रीबाबांच्या होडीवरचं. जुनंच आहे, पण जपून वापरलेलं. उद्या बसवून देतो. इतकं गुपचूप चालतं, की शेजारून गेलं तरी बगळा उडत नाही.

निदिया : गुपचूप नको मला. हेच चालू कर.

विल्मर : हे गेलं.

निदिया : गेलं म्हणू नकोस. आत काय लागेल ते नवीन टाक.

विल्मर : आतलं सगळं नवीन टाकलं तर वरचं टोपण तेवढं तुमचं उरेल. आणि असं काय मोठं सोनं होतं ते? रामिरोने होडी घेतली ती जुनीच, आणि इंजिन तेव्हापासून खोकत होतं. तुमची लेक तर म्हणते...

निदिया : लेक म्हणते, विकून टाक आणि कोस्ता रिकाला ये. तिच्या खिडकीतून समोरच्या घराची भिंत दिसते. दिवसभर भिंत बघत बसू? तिचं नको सांगूस मला.

विल्मर : नाही सांगत. हे बघा. तुम्ही बोलत होतात तोवर मी इंजिनाचा पाय उघडला. हे त्यातून निघालं.

निदिया : काय आहे? काळा चुरा दिसतोय.

विल्मर : पंपाचं रबर. पाय तळ्यात बुडलेला असला की हे पाणी वर ओढतं आणि इंजिन थंड राहतं. कोरड्यावर चालवलं की आधी हे जळतं, आणि मग बाकीचं.

निदिया : असेल.

विल्मर : रोज संध्याकाळी आवाज यायचा. पलीकडे, आमच्या काठावर. आई म्हणायची, निदिया धीट झाली हो, एकटी तळ्यावर जायला लागली. बरं वाटायचं आम्हाला.

निदिया : थोडाच वेळ चालवायचे रे. तेल तापेपर्यंत.

विल्मर : इथे, गवतावर?

निदिया : दोरी ओढायची आणि धावत आत जायचं, स्वयंपाकघरात. तिथून आवाज अगदी तस्साच यायचा, टोकाला वळसा घालून आल्यासारखा. मध्येच तो अडखळायचा ना, तसा अडखळला की मी कच्च्या केळ्याचे काप कढईत सोडायचे. रामिरो मासे घेऊन दारात येईपर्यंत काप कुरकुरीत व्हायचे. आता काप व्हायचे, आणि मग मीच बाहेर येऊन इंजिन बंद करायचे. वेडी म्हण हवं तर.

विल्मर : नाही म्हणत. पण पाण्यात चालवायचं होतं. पाण्यात असतं तर आपण दोघं म्हातारे होईपर्यंत खोकलं असतं.

निदिया : मी झालेच आहे. आणि ही पाण्यात ढकलायला माणसं लागतात. ती बोलवावी लागली असती. कशाला बोलावलं, तेही सांगावं लागलं असतं.

विल्मर : पिंपभर पाण्यात पाय बुडवून ठेवला असता तरी भागलं असतं. आम्ही दुरुस्तीला तसंच करतो.

निदिया : पिंप? एवढंच?

विल्मर : एवढंच.

निदिया : पिंप ते काय, पागोळीखाली भरलेलं आहे. रोज त्याच्याच बाजूने धावत होते मी.

विल्मर : तुम्हाला कोण सांगणार होतं?

निदिया : म्हणजे मीच मारलं.

विल्मर : इंजिन होतं ते, दोन्या निदिया.

निदिया : काय होतं ते माहीत आहे मला.

विल्मर : एक सांगू? ते अडखळणं दुरुस्त होण्यासारखं होतं. एका सिलिंडरची ठिणगी कमी पडायची. चिमूटभर काम. मी कितीदा रामिरोच्या मागे लागलो, अरे, फुकट करून देतो.

निदिया : आळशी होता तो. मीसुद्धा बोलायचे त्याला, लोक हसतात, तुझी होडी म्हाताऱ्यासारखी खोकत येते.

विल्मर : आळशी नव्हता. मला म्हणाला, त्याला हात लावू नकोस. सगळ्यांची इंजिनं सारखी वाजायला लागली, तर कढई कधी ठेवायची ते निदियाला कळणार कसं?

निदिया : असं म्हणाला?

विल्मर : अगदी असंच.

निदिया : मला नाही बोलला कधी. मला सांगायचा, विल्मरला वेळच नसतो.

(फळीखाली कोंबडी कुरकुरते.)

निदिया : विल्मर, त्या पाद्रीबाबांच्या इंजिनाला तो खोकला लावता येईल?

विल्मर : चांगलं इंजिन बिघडवून द्यायचं?

निदिया : फार नको. तेवढंच.

विल्मर : असलं काम आजवर कुणी सांगितलं नाही मला. मेकॅनिक म्हणून तोंड दाखवायला जागा राहायची नाही. बरं, देतो. पण माझी एक अट आहे. कोंबडीची पिल्लं निघाली की होडी पाण्यात उतरवायची. मी आणि माझा भाऊ येऊ. मूठ कशी धरायची, वळवायचं कसं, सगळं शिकवतो. टोकापर्यंत जायचं आणि परत यायचं, तुम्ही स्वतः. इंजिन त्यासाठी असतं.

निदिया : शिकेन की. त्यात काय एवढं?

विल्मर : मग अडलं कुठे?

निदिया : मी होडीत बसले, तर स्वयंपाकघरात ऐकणार कोण?