दांडी डावीकडे

धाकटा: म्हणजे ही फळी गेलीच? भोकं बुजवून काही जमणार नाही?

थोरला: सात भोकं आहेत. बुजवली तर देवीच्या व्रणांसारखी दिसतील. नवीन फळी कापतो, त्यात काय. पण मला एक सांग, इतकी गोल, इतकी नीट भोकं पाडलीस आणि सगळीच्या सगळी उलटी?

धाकटा: तूच म्हणाला होतास, सनमायका चिरू नये म्हणून खुणा मागच्या अंगाला करायच्या.

थोरला: करायच्या. पण मग कागद पालथा घालायचा! तू सुलटाच चिकटवलास. म्हणून दांडी गेली उजव्या हाताला आणि बटणं डाव्या. आता काय आरशात बघून खेळायचं?

धाकटा: जॉयस्टिक म्हण रे.

थोरला: दांडी आहे ती. लाल गोळा बसवलेली दांडी. तू तिला काहीही म्हण, भोक तेवढंच पडायचं.

धाकटा: बरं, दांडी. पण आज होईल ना दादा? उद्या अकराला ऑफिसात छंदांचं प्रदर्शन आहे. माझं हे व्हिडिओ गेमचं मशीन अंतिम पाचात आलंय. आमचे मोठे साहेब स्वतः खेळून बघणार आहेत. सासरेही येतायत.

थोरला: तासाभरात होईल. तो भुश्शाचा ढीग सरकव आणि बस तिथं. दीड महिन्यापूर्वी नुसतं खोकं नेलंस, ते आज तोंड दाखवतंय. बघू तरी काय केलंस आत. पडदा बरा बसलाय की. वायरी मात्र कोंबल्यात नुसत्या.

धाकटा: आतलं कोण बघतंय?

थोरला: उघडणारा बघतो. कधीतरी कुणीतरी उघडतोच.

धाकटा: तू आणि तुझं आतलं काम. पण खरं सांगू, सगळ्यांना बाजूच्या फळ्यांचा हा उतारच आवडलाय. विचारतात, असा कोन कुठून काढला म्हणून.

थोरला: कुठून म्हणजे? कोपऱ्यावरच्या व्हिडिओ गेमच्या दुकानातनं. तू तिथं मशीनला चिकटलेला असायचास आणि बाबा मला पिटाळायचे, कान धरून आण त्याला. कान कसला धरतोय, मी तुझा डाव संपायची वाट बघत बाजूला उभा. पडद्यावर तुझं डोकं आडवं यायचं. मग काय बघणार? मशीनची बाजूच बघत बसायचो. तो उतार डोक्यात बसलाय, मोजावा लागला नाही.

धाकटा: मला वाटलं इंटरनेटवरून काढलास.

थोरला: या फोनवरनं? यावर समोरच्याचा आवाज आला तरी मी खूश असतो.

धाकटा: आणि इथलं मोठं मशीन कुठे गेलं रे? रंध्याचं?

थोरला: दिलं एकाला. एक तारखेला शेडची किल्ली परत करायची आहे.

धाकटा: म्हणजे?

थोरला: म्हणजे बंद. आठ महिन्यांत तीन कामं आली, त्यातलं एक हे तुझं. लोकांना सगळं तयार हवं. एक तारखेपासून मीही तिकडंच, कपाटांच्या गोदामात. खोक्यातनं फळ्या काढायच्या, चित्र बघायचं आणि स्क्रू पिळायचे.

धाकटा: अरे, मग चांगलंच आहे की! फिक्स ड्यूटी, सुट्ट्या. धुळीतून सुटलास.

थोरला: सुटलो खरा. बाबांची सव्वीस वर्षं आणि माझी एकवीस, एवढ्या धुळीतनं. चित्र बघून काम करायचं म्हणाले ना मुलाखतीत, तर मला हसूच आलं. तिथला पोरगेला साहेब म्हणाला, काका, जमेल ना? जमेल म्हटलं. आणखी चार-पाच कामं हाताशी असती तर शेडच्या मालकाला म्हणालो असतो, एक वर्ष थांबा. नव्हती. ती गुण्याची पट्टी दे इकडं.

धाकटा: ही?

थोरला: गुण्या म्हणजे काटकोन रे, विसरलास? हां, तीच. उद्या मी येऊ का सकाळी?

धाकटा: कुठे?

थोरला: तुझ्या ऑफिसात. हलवाहलवीत काही ढिलं झालं तर जागेवर आवळून देईन. आणि बघेनही जरा, लोक कसे खेळतात ते. एका कोपऱ्यात उभा राहीन. सवय आहे मला.

धाकटा: नको, नको. म्हणजे, आत यायला पास लागतो. आणि तू उगाच काम सोडून कशाला.

थोरला: कुठलं काम?

धाकटा: नाही, तसं नव्हतं म्हणायचं. पासचंच आहे सगळं.

वहिनी: मिस्त्री, चहा ठेवलाय. निवायच्या आत घ्या.

थोरला: काय म्हणालीस?

वहिनी: मिस्त्री म्हणाले. चुकलं का काही? भाऊजी, तुम्हीच सांगा, बरोबर म्हणाले ना मी?

धाकटा: वहिनी, आपण नंतर बोलू या का?

वहिनी: नंतर कशाला, आता सगळे आहोत की. अहो, तुमच्या भावानं या मशीनचा व्हिडिओ टाकलाय. माझ्या बहिणीनं काल पाठवला. नाव काय, तर 'मी घरी बनवलेलं मशीन'. बारा मिनिटांचा आहे. त्यात तुमचं तोंड कुठंही नाही, नुसते हात. मी या डाव्या अंगठ्यावरनं ओळखलं, करवतीत गेलेल्या. एकानं खाली विचारलंय, हे हात कुणाचे? भाऊजींनी उत्तर दिलंय, 'आमचे मिस्त्री आहेत.'

थोरला: हात्तिच्या! एवढंच होय? अगं, मला वाटलं काय झालं. बाबांचा नियमच होता तो. या शेडमध्ये बाबा नाही की दादा नाही, सगळे मिस्त्री. गिऱ्हाइकासमोर घरातलं नातं काढायचं नाही, काम पोरखेळ वाटतं म्हणायचे. हा एवढासा होता तेव्हा पायात खिळा घुसला, तर रडत बाबांकडंच धावला, पण कसा? 'मिस्त्री, मिस्त्री' करत!

धाकटा: तेच ना दादा. सवयीनं लिहिलं गेलं.

थोरला: बघ. सवयीनं. आणि तू लगेच तोफ डागलीस.

वहिनी: मग पुढचंही सवयीनंच लिहिलं असेल. वाचू?

धाकटा: वहिनी, नको ना.

थोरला: वाच की. त्यात घाबरण्यासारखं काय आहे?

वहिनी: 'काय सफाई आहे हाताला! या मिस्त्रींचा नंबर द्या, मला असंच एक हवंय.' दुसरा म्हणतो, मला दोन. एक बाई आहे, तिला अख्ख्या घराची कपाटं करायची आहेत, तयार नकोत, हातानं केलेलीच हवीत. मी दोनदा मोजले, एकतीस जण नंबर मागतायत. आणि खाली भाऊजींचं सगळ्यांना मिळून एकच उत्तर. 'आमचे मिस्त्री आता कामं घेत नाहीत.'

(करवत थांबते.)

थोरला: कधी लिहिलंस हे?

धाकटा: दादा, आधी ऐकून तर घे.

थोरला: कधी?

धाकटा: महिना झाला असेल.

थोरला: महिन्यापूर्वी मी मालकाला शब्द दिला नव्हता अजून.

धाकटा: मला काय माहीत तू शेड सोडतोयस! मला सांगितलंस का तू?

थोरला: नाही सांगितलं. पण मी कामं घेत नाही, हे तुला कुणी सांगितलं?

धाकटा: तसं नाही रे. प्रदर्शनाचा नियम आहे, सगळं स्वतः केलेलं पाहिजे. किरकोळ कामाला बाहेरचा माणूस चालतो. उद्या एकतीस जणांनी तुला फोन केले असते आणि तू बोलला असतास. तू किती मोकळा बोलतोस, माहितीय ना तुला? 'अहो, माझाच भाऊ तो, त्यानं फक्त बटणं बसवली.' मग माझं काय झालं असतं?

वहिनी: काय होणार? खरं कळलं असतं लोकांना.

धाकटा: तुम्हाला तिथलं वातावरण माहीत नाही वहिनी. प्रत्येक जण दुसऱ्याला तोंडघशी पाडायला टपलेला असतो. आणि सासरी मी सांगून ठेवलंय, आमचा फर्निचरचा कारखाना आहे, कामगार आहेत, भाऊ देखरेख करतो. व्हिडिओतला हात तुझाच आहे हे त्यांना कळलं असतं तर?

थोरला: म्हणून बाहेरचा माणूस.

धाकटा: शब्द आहे तो नियमातला. माझा नाही.

थोरला: तुझ्या लग्नात मी दिवसभर हा डावा हात खिशात घालून होतो. फोटोतसुद्धा. ही म्हणाली, काढा की बाहेर, कोण खातंय. मला वाटलं, मीच उगाच लाजतोय.

धाकटा: लाजायचा प्रश्नच नाही दादा!

थोरला: मग कसला आहे?

वहिनी: सांगा ना भाऊजी. मलाही ऐकायचंय. मी गेले आठ महिने यांना रिकामं बसलेलं बघतेय. लाकडाचे उरलेले तुकडे घेऊन बसायचे आणि ते घासत राहायचे, कशासाठी तर काही नाही. जेवायला बोलावलं की म्हणायचे, आलो, एवढं संपवतो. संपवायला काही नसायचं.

थोरला: पुरे कर तू.

वहिनी: का पुरे करू? मी भांडले असते तर तुम्ही मलाच गप्प केलं असतंत. भाऊ चुकत नाही तुमचा कधी.

धाकटा: मी आत्ता लिहितो. हे बघ, फोन काढला. नंबर टाकतो, 'हा माझा सख्खा भाऊ, सगळं लाकूडकाम त्याचं' असं टाकतो. झालं?

वहिनी: आत्ता टाकताय?

धाकटा: म्हणजे, उद्या दुपारी. प्रदर्शन संपलं की लगेच, तिथूनच. एका दिवसाचा तर प्रश्न आहे.

थोरला: नको टाकूस.

धाकटा: अरे पण दादा, एकतीस जण आहेत!

थोरला: महिनाभर कोण थांबतंय. आणि मी शब्द देऊन बसलोय. एक तारखेपासून मी खरंच कामं घेणार नाही, तेव्हा तुझं लिहिलेलं खोटं ठरणार नाही. राहू दे तसंच.

वहिनी: मग ती फळी कशाला कापताय अजून? द्या तशीच परत. खेळू देत उलट्या हातानं.

थोरला: हातात घेतलेलं काम मी अर्धं सोडत नाही. तू आत जा, चहा गरम कर. त्यांनाही दे.

धाकटा: दादा, शिव्या घाल पाहिजे तर.

थोरला: बटणांच्या भोकाचं माप सांगा.

धाकटा: तीस मिलिमीटर. मिस्त्री म्हणालो ते चुकलंच माझं, कबूल.

थोरला: मिस्त्री म्हणालात ते बरोबरच होतं. दांडीचं माप?

धाकटा: चोवीस. दादा, हे 'सांगा' आणि 'म्हणालात' काय लावलंयस? मला अहो-जाहो कशाला करतोस?

थोरला: गिऱ्हाइकाला अरे-तुरे करायची पद्धत नाही आमच्याकडं.

धाकटा: मी गिऱ्हाईक?

थोरला: जरा बाजूला उभे राहा. भुसा उडेल अंगावर, चांगला शर्ट आहे.

धाकटा: वहिनी, तुम्ही तरी सांगा ना त्याला.

वहिनी: मी काय सांगू? मला वाटलं होतं ओरडतील, दोन दिवस धुसफुसतील आणि तिसऱ्या दिवशी तुम्हाला फोन करतील. नेहमीसारखं. हे असं होईल माहीत असतं तर मी वाचलं नसतं.

थोरला: झालं. हात फिरवून बघा. कड कुठं लागते का?

धाकटा: नाही लागत.

थोरला: नीट बघा. साहेब लोक हात ठेवणार आहेत.

धाकटा: नाही रे लागत कुठे.

थोरला: दांडी डावीकडं, बटणं उजवीकडं. बघून घ्या. आतल्या वायरीही बांधून दिल्यात. गाडीत आडवं टाकू नका, उभंच न्या.

वहिनी: अहो, जड आहे ते. एका बाजूनं धरा तरी.

थोरला: धरतो की. चला. सावकाश, बाहेर पाऊल टाकताना पायरी आहे.

धाकटा: मला पायरी सांगतोस? या पायरीवर बसून मी सगळे पाढे पाठ केलेत दादा.

थोरला: हो का? नवीन माणूस हमखास अडखळतो तिथं, म्हणून सांगितलं.